उचल फिटेल का?

चि. बेटा,

सुट्टीत अमेरिकेत कामाला जाण्याबद्दलचा तुझा मेसेज रात्री वाचला. एजंटने पाठवलेला फोटोही पाहिला. समुद्र, मोठा पाळणा, हसणारी पोरं आणि खाली ‘कमवा आणि फिरा’. तू विचारलंस, “काका, जाऊ का?” हो किंवा नाही फोनवरही सांगितलं असतं, पण यात हिशेब आहे, आणि हिशेब मला कागदावरच जमतो.

माझे वडील मुकादम होते, हे तुला माहीत आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास चाळीसगाव तालुक्यातून ऊसतोडीची टोळी घेऊन साखर कारखान्यावर जायचे. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच वाटलेली असायची. उन्हाळ्यात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ट्रॅक्टर गावात आले, की ओट्यावरच्या म्हाताऱ्या एकच विचारायच्या, “फिटली का?” किती टन तोडला, कारखाना कसा होता, हे नंतर. तू जाशील ती कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून, सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या जे-१ व्हिसावर, पण विचारायचं हेच. तोडीत मुकादम कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, उचल देतो. इथे कोयताच मुकादमाला उचल देतो, तीही कर्ज काढून.

आता कागद घे. समज, तासाला १४ डॉलर, आठवड्याला ३५ तास, १२ आठवडे. झाले ५,८८० डॉलर. कर साधारण दहा टक्के धरू, ५८८ गेले. खोलीभाडं आठवड्याला १२५ धरलं तर १,५०० गेले. खाणं ६० प्रमाणे ७२०. हातात ३,०७२. याला आजच्या भावाने गुणलं की आकडा छान दिसतो, आणि एजंट इथेच थांबतो. तू तास ३५ ऐवजी २० कर. कमाई ३,३६० वर आली, कर ३३६ झाला. भाडं मात्र १,५०० च, खाणं ७२० च. उरले ८०४. यातूनच विमानाचं तिकीट, एजंटची फी, व्हिसा आणि मुंबईच्या खेपा.

हे मला कसं कळलं? मी गेलो होतो ना. समुद्रकाठच्या एका गावात, हॉटेलात चादरी बदलायला. ऑफरच्या कागदावर तासाचा दर होता, पण किमान तास किती मिळतील ते नव्हतं. मी विचारलंही नाही. जूनमध्ये गिऱ्हाईक कमी, म्हणून तीन आठवडे निम्मंच काम. खोलीत आम्ही चौघं, आणि भाडं पगारातूनच कापलेलं. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “तोडीवरच्या झोपडीला, कोपीला तरी भाडं नसतं रे!” घेतलेलं कर्ज फेडायला मला पुढे दोन वर्षं लागली. तरी गेल्याचा पस्तावा नाही, हेही लिहून ठेवतो. इंग्रजी बोलताना जीभ अडखळायची थांबली ती तिथेच.

म्हणून ऑफरच्या कागदावर चार गोष्टी लेखी हव्यात: दर, किमान तास, भाडं किती आणि ते कोण कापणार. टिपवरचं काम असेल तर जास्तच सावध रहा. अमेरिकेत केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टिप मिळणाऱ्याला मालक रोख २.१३ देऊनही चालवू शकतो. टिप धरून ७.२५ भरले नाहीत तर उरलेलं त्याने द्यायचं. कित्येक राज्यांत दर याहून बरे आहेत. टिप म्हणजे आपल्याकडचे वाढे समज, उसाचे चाऱ्याला जाणारे शेंडे. ते विकून मीठ-मिरची येते, पण वाढ्यांच्या भरवशावर कुणी उचल घेत नाही.

पगाराची चिठ्ठी दर वेळी वाच. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे तिकडच्या पेन्शनचे आणि म्हातारपणच्या दवाखान्याचे दोन कर या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना लागत नाहीत. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. माझे कापले गेले, मला ठाऊकच नव्हतं. तुझे कापले तर मालकाकडे परत माग.

तुझा खरा धनी हॉटेलमालक नाही आणि एजंटही नाही. डीएस-२०१९ नावाचा कागद देणारी अमेरिकेतली प्रायोजक संस्था असते. पोचल्यावर दहा दिवसांत तिला कळवायचं, काम बदलायचं तर आधी तिची परवानगी. न विचारता दुसरीकडे लागलीस तर व्हिसाच धोक्यात. एजंट प्रायोजकाचं नाव सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फीर. तो ‘सरकारी फी’ म्हणून मोठा आकडा लावेल, तेव्हा पावती माग; सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी या प्रकाराला ३५ डॉलरच आहे.

हे नियम फुकट आलेले नाहीत. ऑगस्ट २०११ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा गावी हर्शीची चॉकलेटं भरणाऱ्या गोदामातून याच व्हिसावरची परदेशी पोरं काम टाकून बाहेर आली. हजारो डॉलर भरून आली होती, आणि भाडं कापून हातात फारसं उरत नव्हतं. त्यानंतर २०१२ मध्ये गोदाम, कारखाना, बांधकाम, शेती ही कामं या योजनेतून काढली, मुख्यतः रात्री १० ते सकाळी ६ चालणारी कामंही. वर्षाला सुमारे १,०९,००० पोरांची मर्यादाही तेव्हापासूनची. तुला कुणी ‘पॅकिंग’चं काम देत असेल तर समजून घे.

कामाचे महिने जास्तीत जास्त चार, तेही तुझ्या कॉलेजच्या मोठ्या सुट्टीतच. नंतर फिरायला तीस दिवस मिळतात, पण त्यात एक तासही काम करायचं नाही. मला धास्ती आहे ती आपल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकाची. पेपर लांबले तर जून उजाडतो, आणि तिकडचा मालक थांबत नाही. सुट्टीच्या तारखांचं पत्र प्राचार्यांकडून आत्ताच घे.

व्हिसाची मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत. परत का येशील, हे तिथे विचारतात. पाठ केलेलं बोलू नकोस, पुढच्या वर्षाचं ॲडमिशन दाखव. जून २०२५ पासून सोशल मीडियाची खाती उघडी ठेवायला सांगतात, तेव्हा तुझ्या त्या रील्स एकदा बघून घे बाई.

बापूंनी केळीच्या पैशातून काही दिलं तर घे. शेत गहाण टाकायचं म्हणाले तर आधी माझ्याशी बोलायला सांग. ऑफरचा कागद आला की रविवारी घेऊन ये, दुपारनंतर. सकाळी मी बाजारात असतो. काकू म्हणते, कळण्याची भाकरी आणि भरीत करून ठेवते.

तुझा,
काका
चाळीसगाव