स्वमग्न मुलासाठी कोणते उपचार? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. एका क्लिनिकने स्टेम सेल (मूलपेशी) उपचार सुचवलेत. तिथे गेलेल्या ओळखीच्या मुलाला ‘फरक पडला’ म्हणतात. दागिने मोडायची तयारी आहे. करावं का? (एक आई, नाशिक)

नाही. दागिने मोडू नका. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : मान्यता मिळालेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर ऑटिझमसाठी (स्वमग्नतेसाठी) स्टेम सेल देता येत नाहीत, आणि चाचणीत सामील झालेल्यांकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले जातात तिथून उठून यावं.

‘फरक पडला’ याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते. १९९८ साली अमेरिकेत सेक्रेटिन हे पचनाशी संबंधित संप्रेरक अचानक गाजलं. ते टोचल्यावर मुलं बोलू लागली, नजर देऊ लागली, असं पालक सांगत होते. १९९९ साली ६० मुलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना सेक्रेटिन, काहींना नुसतं मिठाचं पाणी दिलं होतं, आणि कुणाला काय मिळालं ते पालकांना ठाऊक नव्हतं. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच दिसली. हा निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांना सेक्रेटिन हवंच होतं. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. मूल वाढतच असतं, शाळा आणि थेरपी चालू असते, आणि नवा उपचार आपण बहुतेकदा अगदी वाईट दिवसांत सुरू करतो. पुढे जे बरं घडतं त्याचं श्रेय त्या उपचाराला जातं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय बदलायला हवं ते आधी वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : गहू आणि दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो का?

तसा भक्कम पुरावा नाही. ज्वारीची भाकरी मूल आवडीने खात असेल तर जरूर द्या. पण अनेक स्वमग्न मुलं मोजकेच पदार्थ खातात. त्यातून दूध-दही काढून टाकलं तर कॅल्शियम आणि प्रथिनं कुठून मिळणार? बद्धकोष्ठता किंवा पोटदुखी असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सांगता न येणारं दुखणं पुष्कळदा चिडचिडीतून बाहेर पडतं.

प्रश्न : ‘घरी फक्त इंग्रजी बोला, मुलाचा गोंधळ होईल’ असं शाळा म्हणते.

मराठीतच बोला. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजी-आजोबांशी असलेला मुलाचा दुवा तोडू नका.

प्रश्न : आमच्या तालुक्यात थेरपी नाही. शहरात बिऱ्हाड हलवावं का? (एक वडील)

लगेच नको. गोवा आणि रावळपिंडी इथे झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत १२ सत्रं घेतली. पालक मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण त्यांच्याचसोबत बघायचं, आणि मूल काही दाखवतंय, मागतंय ते कुठे सुटलं ते शोधायचं, अशी ती पद्धत. दोन ते नऊ वर्षांची ही मुलं स्वतःहून जास्त संवाद साधू लागली. तुम्हाला असंच शिकवणारा थेरपिस्ट हवा, मग महिन्यातून एकदा गेलात तरी चालेल.

आधी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर मदत देणाऱ्या विभागाची, चौकशी करा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) ‘निरामय’ आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही काही खर्च येतो. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा.

आणि पहिल्याच भेटीत विचारा : तीन महिन्यांत काय साधायचंय? ‘नजर देईल’ या उत्तरावर समाधान मानू नका. तहान लागल्याचं सांगता येणं, मग ते शब्दाने असो, खुणेने असो वा चित्राने, मला कितीतरी मोलाचं वाटतं. चित्रं वापरल्याने बोलणं थांबत नाही. पालकांना दाराबाहेर बसवून आत काय चालतं ते न सांगणारं केंद्र असेल, तर दुसरं शोधा.