पहिल्यांदा माईकसमोर उभं राहताना

सोसायटीच्या गणपतीत बोलायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. छातीत धडधडेल, तोंडाला कोरड पडेल. ते घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकामुळे, आणि बोलायला लागलं की बहुतेकांचा तो जोर ओसरतो. म्हणून सुरुवातीची दोन वाक्यं तेवढी तोंडपाठ कर. अख्खं भाषण पाठ नकोच, एक शब्द निसटला की पुढचं अडतं. बाकी मुद्दे चिठ्ठीवर, ठळक अक्षरात. उठण्याआधी श्वास सावकाश सोड, घेण्यापेक्षा जास्त वेळ.

सराव उभ्याने, मोठ्या आवाजात. ठाण्यात तलावपाळीला, तळ्याकाठी, फेरी मारताना मनात घोळवलंस तरी चालेल, पण घरच्यांना एकदा समोर बसवच. तिथल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात एखादं व्याख्यान असेल तर जा आणि वक्ता बोलता बोलता कुठे थांबतो ते बघ. नवखे थांबायलाच घाबरतात. आणि माईक आधीच तपासून घे.