‘बांगड्या भरा मग!’

प्रश्न : आमच्या तालमीतली बारा-पंधरा मुलं पाण्याच्या प्रश्नावर वॉर्ड कचेरीपुढे धरणं धरणार आहेत. कुणी ढकललं, शिवी दिली तरी हात उचलायचा नाही, असं ठरलंय. पण त्यांच्यातलेच दोघं-तिघं ‘बांगड्या भरा मग’ म्हणून चिडवतात. ऐनवेळी कुणाचा हात सुटला तर? तयारी कशी करून घ्यावी?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ढकलणाऱ्याला तालमीतली मुलं फारशी भीत नाहीत. हात सुटतो तो आपलेच मित्र बघत असतात म्हणून. तेव्हा सगळ्यांदेखत आधीच ठरवून घ्या, ज्याने हात उचलला त्याने बाकीच्यांना तोंडघशी पाडलं. मग तीच मित्रांची नजर त्याला आवरते.

नुसत्या शपथेवर मात्र विसंबू नका. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवून गेलेले जेम्स लॉसन यांनी अमेरिकेत नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून 1960च्या वर्णभेदाविरुद्धच्या धरण्यांआधी रीतसर तालीम करून घेतली होती. एकाने बसायचं, बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, ओढायचं, ढकलायचं. तुम्ही चार बसणारे, दोन छळणारे आणि एक बघणारा अशी तुकडी करा. दहा मिनिटांनी कामं बदला. शिव्या खऱ्याच हव्यात, अगदी आईवरच्यासुद्धा. मिळमिळीत सराव केला की खरी शिवी कचेरीपुढे पहिल्यांदा कानावर पडते आणि तिथेच घात होतो. ‘बस’ म्हटलं की सगळं थांबलं पाहिजे. पहिल्या दिवशी पोरं खिदळतील, खिदळू द्या.

बघणाऱ्याने लक्ष हातांवर ठेवावं. चेहरा सांभाळता येतो, पण मूठ आपोआप वळते आणि श्वास वरच्यावर अडकतो. अशा वेळी चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, आणि शेजाऱ्याच्या कोपरात कोपर अडकवायचं. छद्मी हसणं, डोळे वटारणं हेही हात उचलण्यातच धरा. समोरचा त्यानेच जास्त पेटतो. तापट मुलगा ओळीच्या टोकाला नको, दोन थंड डोक्यांच्या मध्ये बसवा. सरावातच पुन्हापुन्हा सुटत असेल तर त्याला पाणी वाटायला किंवा मोबाइलवर चित्रण करायला ठेवा. हे काम आधीच नेमून द्या, शिक्षा म्हणून नको.

आता बांगड्या. ‘सोसतो तोच खरा मर्द’ असं उत्तर देण्याचा मोह होईल. देऊ नका, टोमणा तसाच राहतो, फक्त दुसऱ्या कुणाला तरी लागतो. 1930च्या मे महिन्यात, मिठाच्या सत्याग्रहात, गुजरातेतल्या धारासनाच्या मिठागराकडे निघालेल्यांचे पुढारी होते तुमच्याच बडोदा संस्थानचे माजी मुख्य न्यायाधीश अब्बास तय्यबजी, वय 76. त्यांना अटक झाल्यावर पुढे झाल्या सरोजिनी नायडू. 21 मे रोजी स्वयंसेवकांनी लोखंडी टोकाच्या लाठ्या झेलल्या, डोकं वाचवायलासुद्धा हात आडवा केला नाही. टोमणा मारणाऱ्यांना एवढं सांगून पुढचं विचारा : हंडे कोण भरतं घरात? त्या बायकांना धरण्याला बोलावलंय का? बोलवायचं असेल तर सरावापासूनच बोलवा. ऐनवेळी ढाल म्हणून पुढे बसवायला नको.