गणितात पैकीच्या पैकी, कवितेत पान कोरं

"मॅडम, गणितात पैकीच्या पैकी आणि कवितेच्या प्रश्नाला पान कोरं. असं कसं ओ?"

दहावीच्या निकालानंतर आणि पुन्हा अकरावीच्या पहिल्या चाचणीनंतर ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे हमखास येते. जुळे सोलापुरातून येते, साखर पेठेतून येते, विडी घरकुलातूनही येते. मूल हुशार असतं, वाचणारं असतं, वर्गात सरांच्या पुढे धावणारं असतं. आणि 4 गुणांचं रसग्रहण समोर आलं की पेन खाली ठेवतं. घरचे म्हणतात, आळस. शिक्षक म्हणतात, गोडी नाही. माझा अनुभव वेगळा आहे. असं पान कोरं ठेवणारं मूल पुष्कळदा वर्गातलं सगळ्यात जपून वागणारं मूल असतं. चुकीचं लिहिण्यापेक्षा काहीच न लिहिणं त्याला कमी धोक्याचं वाटतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भरवसा आहे. माणूस प्रसंगाने जितका हादरतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलच्या स्वतःच्या हट्टाने हादरतो. या मुलांचा हट्ट साधारण असा असतो: कवितेला एकच खरा अर्थ असतो, तो कुणीतरी आधीच ठरवून ठेवलाय, आणि तो मला पहिल्याच वाचनात सापडला नाही तर मी हुशार नाही. हे ओझं घेऊन कुणाला कविता वाचता येईल?

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची आणि घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अकरावी, विज्ञान शाखा. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला. बऱ्याच भेटींतलं मोजकंच इथे देते.

पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "आमच्या घरचं मराठी नाही ना मॅडम. म्हणून मला कविता कळंना."

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच वाटतं. तुम्ही बरोबर उत्तर कसं लिहायचं तेवढं सांगा की."

हे वाक्य सोलापुरात मी किती मुलांकडून ऐकलंय! मला ते मनापासून खटकतं. आपल्या शहरातलं मूल दुधाच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत तीन भाषा बदलतं. कुणाशी कोणत्या सुरात बोलायचं, कुठला शब्द कुठे लागतो, हे त्याचा कान दिवसभर टिपत असतो. कविता वाचायला दुसरं काय लागतं? पण हे मी तिला सांगून उपयोग नव्हता. तिचं तिला दिसायला हवं होतं.

म्हणून कविता बाजूला ठेवली आणि आचार्य अत्र्यांचं 'साष्टांग नमस्कार' काढलं. 1933 सालचं नाटक. सूर्यनमस्काराने जगातलं सगळं बरं होतं असं मानणारे रावबहादूर आणि त्यांच्या घरातली नाना वेडांची माणसं. हेच नाटक घेण्यामागे कारण होतं. प्रहसनात एखाद्या माणसाची एक समजूत इतकी ताणली जाते की तिचा हट्टीपणा प्रेक्षकाला लख्ख दिसतो. माझ्या खोलीत मी वेगळं काय करते? माणसाची ताठर समजूत त्याला दिसेल इतकी मोठी करून समोर ठेवते. एलिसही विनोदाला उपचारातलं गंभीर साधन मानत. बचावाच्या पवित्र्यात असलेलं मन हसताना जरा सैल होतं.

रावबहादुरांची वाक्यं मी तिलाच वाचायला लावली. सुरुवातीला ती हसवायचा प्रयत्न करत होती, आवाज काढत होती, आणि काही केल्या हसू येईना. मी म्हटलं, "तुझा नमस्कारांवर खरोखर विश्वास आहे असं समजून वाच. अगदी गंभीरपणे." दोन-चार वाक्यं गेली आणि ती स्वतःच फुटली. हसताना तोंडून तेलुगू निघालं.

"इथं का हसलीस?"

ती थबकली. बरोबर उत्तर शोधायला लागली. मी पुस्तक मिटवलं. "उत्तर नको. हसू तुझं होतं. का आलं?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "ते लई गंभीर आहेत मॅडम. आपल्याला लोक हसतील असं त्यांना वाटतच नाही. त्यांना ते कळलं असतं ना, तर हसू आलं नसतं."

नाट्यविनोदाचं इतकं नेमकं विश्लेषण मी मोठ्या माणसांकडूनही क्वचित ऐकलंय. मी तिला तिचंच वाक्य कागदावर लिहून दाखवलं. हसू कुणाला, कशाला, आणि लेखकाने ते कसं घडवलं, हे सगळं त्यात होतं. मार्गदर्शकाचं एक पानही न उलटता.

पुढच्या भेटीसाठी एक काम दिलं. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये आपल्या काळच्या कवींची विडंबनं केली. विडंबन करणाऱ्याला आधी कवीची लकब बारकाईने पकडावी लागते. वाचनाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. तिला सांगितलं, "तू कवितेचं करू नकोस. पाठ केलेल्या आदर्श उत्तराचं विडंबन कर."

तिने एसटीतली सूचना निवडली. वाचून दाखवायला लागली: "'शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये.' प्रस्तुत ओळीत कवीने मानवी जीवनाच्या मर्यादांचे अत्यंत हृदयस्पर्शी चित्रण केले आहे. खिडकी हे मुक्तीचे प्रतीक असून, कवीची साधी, सोपी, ओघवती भाषा वाचकाच्या मनाला भिडते."

बाहेर बसलेले वडील आत डोकावले इतके आम्ही हसलो. त्यांना तिने पुन्हा वाचून दाखवलं. आणि वाचता वाचताच तिचा चेहरा बदलला.

"मॅडम, हे कुठल्याही ओळीला लागतंय."

त्या क्षणी मी काहीही बोलले नाही. समुपदेशकाने गप्प बसायचे असे काही क्षण असतात, आणि ते ओळखता येणं हीच आमच्या कामातली कमाई. तिचं तीच पुढे म्हणाली, "सगळ्याला लागतंय, म्हणजे ह्यात काहीच सांगितलेलं नाही. मग मी हे न आल्याचं टेन्शन घेत होते?"

मग बालकवींची 'औदुंबर' घेतली. आठच ओळी. अट एकच: असं काहीतरी सांग, जे फक्त याच कवितेला लागेल. अलंकार नको, कवीपरिचय नको. वाचताना कुठे थांबलीस तेवढं सांग.

ती थांबली ती काळ्या डोहापाशी. का, ते शोधायला ती मागे गेली आणि एकेक रंग बोटाने दाखवत आली. आधी हिरवळ, निळासावळा झरा, पुन्हा हिरवी शेतं, पांढरी पायवाट. आणि ती वाट थेट काळ्या डोहाकडे जाते. "वरून उजेड आहे, खाली खाली काळं होत जातंय." मग म्हणाली, "आणि माणूसच नाही ओ यात. गाव आहे, घरं आहेत, पायवाट आहे, पण तिच्यावरून कुणी चालत नाही. बसलाय तो झाडच."

या झाडात कुणाला उदासी दिसली, कुणाला शांत अलिप्तपणा. मराठी समीक्षेत या आठ ओळींवर पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली आहे. हे मी तिला मुद्दाम शेवटी सांगितलं. जाणकारांचंही एकमत नाही, हे ऐकल्यावर तिने जो श्वास सोडला, तो मला महिनाभराच्या उपदेशाने मिळाला नसता.

मराठीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. हुशार मुलांच्या वर्गात व्यंगनाट्य आधी घ्या, कविता नंतर. उतारा समजावून सांगू नका, उभं राहून करायला लावा, आणि पात्राचं वेड पूर्ण गांभीर्याने करायला लावा. वर्ग हसला की तिथेच थांबून विचारा: कशाला हसलात? दोन मुलं वेगवेगळी कारणं देतील. दोन्ही फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला संहितेतली ओळ दाखवायला सांगा. ज्याला ओळ दाखवता येते, त्याचं म्हणणं टिकतं. काहीही चालतं असं मी म्हणत नाही. 'मला वाटतं' ही सुरुवात, पण पुरावा कवितेतूनच यायला हवा. एखादं मूल हसलं नाही, त्याला उलट वाईट वाटलं, तर त्यालाही विचारा. थट्टा बलवानाच्या हट्टाची चालली आहे की दुबळ्याच्या व्यंगाची, हा फरक अशाच मुलाला आधी जाणवतो.

पालकांनी घरी एवढंच करावं: 'कवीला काय म्हणायचंय?' हा प्रश्न काही दिवस विचारू नये. 'तू कुठे थांबलास?' असं विचारावं, आणि उत्तर सुधारायला जाऊ नये. तुमच्या घरची भाषा तेलुगू असो की कन्नड, मूल त्या भाषेत उत्तर देत असेल तर देऊ द्यावं. मराठीत मांडणं नंतर जमतं.

"ते सगळं ठीक, पण मार्कांचं काय?" हे तिच्या वडिलांनी विचारलंच, आणि रास्त विचारलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये ही परीक्षेची मांडणी टाळता येत नाही, टाळूही नये. पण ती शेवटी करायची. तिच्या वहीत आता कवितेखाली आधी चार-पाच तुटक ओळी असतात, तिच्या स्वतःच्या, कधी एखादा तेलुगू शब्दही. मग ती त्यांवर पेन्सिलने खुणा करते: ही आशयात जाईल, ही भाषेत. औदुंबराचे रंग काव्यसौंदर्यात गेले, माणूस नसलेली पायवाट आशयात. उत्तर पानभर झालं. वडिलांनी ते वाचलं आणि खिडकीबाहेर हात काढणारी कविता पुन्हा एकदा म्हणून दाखव म्हणाले.