स्पाइन रेसनंतरचे पहिले दोन आठवडे

स्पाइन रेस म्हणजे ब्रिटनमधली पायी शर्यत: जानेवारीत ईडेल ते कर्क येटम, 268 मैल, मुदत 168 तास. एवढं पायी उरकल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. परतीची सोय आधीच लावून ठेवा.

आधी पाय बघा. ओल्या मोज्यांत राहून तळवे पांढरे, सुरकुतलेले, बधिर झाले असतील तर कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, उंचावर उघडे ठेवा. चोळू नका, हीटरपाशी तर नेऊच नका: बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. दोन्ही घोट्यांची सूज काही दिवस राहतेच, बोटांचा बधिरपणा आठवडेही रेंगाळतो. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मात्र डॉक्टर गाठा.

अंग ठणकतंय म्हणून आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी नको. स्नायू झिजलेले, शरीरात पाणी कमी, त्यात मूत्रपिंडावर आणखी भार. लघवी कोलासारखी काळपट दिसली तर थेट हॉस्पिटल.

घोट्याच्या जरा वर, समोरून, पाऊल हलवताना करकर जाणवते? तिथली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सुजलीय, बहुधा बुटाची नाडी आवळून बांधल्यामुळे. करकर थांबेपर्यंत धावणं बंद.

शर्यतीच्या नोंदी दोन दिवसांत लिहा, नंतर सगळं गोड वाटायला लागतं. प्रत्येक चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, किती वेळ गेला आणि त्यातला झोपेत किती, हे अंगावरच्या जीपीएस ट्रॅकरच्या वेळांशी ताडून बघा. बरेच तास बॅग उपसण्यातच गेलेले सापडतात.