राधानगरी धरणातला तो पडका वाडा शिकारीचा बंगला होता का? तो धरणात बुडाला हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की राधानगरीच्या जलाशयात दिसणारा पडका वाडा कोल्हापूरच्या राजघराण्याचा शिकारीचा बंगला होता आणि पुढे धरण झाल्यावर तो बुडाला, हे खरं का. मी राहतो कोपरखैरण्यात, पण वडील राधानगरी तालुक्यातले. वाशीच्या मार्केटला माथाडी होते. आमच्या गल्लीत निम्मे लोक सातारा-कोल्हापूरचे, त्यामुळे हा वाडा इथे दर दिवाळीत एकदा तरी बुडतो आणि वर येतो.

त्या वाड्याला बेनझीर व्हिला म्हणतात. बेनझीर म्हणजे जिला तोड नाही अशी. गावाकडे कुणी ‘व्हिला’ म्हणत नाही, नुसतं ‘बेनझीरला जाऊन आलो’.

बुडाला ही गोष्ट मात्र सोडून द्या. वाडा शाहू महाराजांचा आणि ते पाणीही शाहू महाराजांचंच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावती नदी अडवायचं काम हाती घेतलं, तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं आणि मुलीच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या नावाने राधानगरी वसवली. १९१८ च्या सुमारास बांध चाळीसेक फुटांवर आला आणि पैशाअभावी काम थांबलं. महाराज १९२२ मध्ये गेले. धरण पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर. वाडा उंचवट्यावर आहे, तिन्ही बाजूंना पाणी. तो पडला तो पाऊस, झाडांची मुळं आणि दुर्लक्ष यांमुळे. मी लहानपणी मे महिन्यात मामाबरोबर लांबून पाहिला तेव्हा पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाला वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यावर गव्यांच्या खुरांचे ठसे होते, आमच्या मार्केटमधल्या गुळाच्या छोट्या ढेपेएवढे. मला वाड्यापेक्षा तेच आठवतात.

आता शिकारीचं. बंगला निव्वळ शिकारीचा म्हटलात तर अर्धंच बरोबर. महाराजांचा त्या भागातला मुक्काम शिकारीसाठी असायचा तसा धरणाच्या कामासाठीही. पण राधानगरीजवळच्या दाजीपूरचं रान संस्थानचं शिकारीचं राखीव रान होतं, यात वाद नाही. आणखी एक गल्लत लोक हमखास करतात, ती चित्त्यांची. कोल्हापूरचे चित्ते, चित्तेवान, डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून नेऊन काळविटावर सोडणं, हे सगळं खरं, पण ते उघड्या माळावर. दाजीपुरातल्या कारवीच्या झुडपांच्या गचपणात चित्ता काय पळणार? पुढेपुढे तर चित्ते आफ्रिकेतून मागवत. दाजीपुरात शिकार व्हायची ती हाक्याची.

हाका म्हणजे काय ते मी आजोबांकडून ऐकलंय. ते शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात, म्हणजे १९४० च्या आधी, पोरवयात हाक्याला गेलेले. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांतली माणसं पहाटे गोळा करायची, दरीच्या खालच्या अंगाला रांगेत उभी करायची आणि डबे, ढोल, आरोळ्या असा गलका करत रान वर ढकलत न्यायचं. वरच्या बाजूला मचाणावर बंदुका. रांगेतल्या माणसाच्या हातात काठी. आजोबा म्हणायचे, ‘वाघाचं काय भ्या न्हाई, त्यो वाट काढून जातो. गवा उलटला की मातूर झाड बघायचं.’ एकदा तसा उलटला आणि हे दुपारपर्यंत जांभळीवर. खाली गवा उभा, फुसफुसत. बंदुकीचा बार ऐकू आला की आता हा जाईल असं वाटायचं, पण तो हलेना. हे सांगताना ते अजून झाडावरच असल्यासारखे मान खाली करून बघायचे.

शाहू महाराजांचं शिकारवेड मोठं होतं, हे त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करावं. पण ज्या फासेपारध्यांना इंग्रजी कायदा गुन्हेगार ठरवत होता, त्यांनाच त्यांनी कोल्हापूरजवळ सोनतळीला राहायला जागा देऊन पहाऱ्यावर नेमलं. रानातली माणसं त्यांना कचेरीतून कळलेली नव्हती, असं मला वाटतं.

राखीव रानाचा जाच गावांना होताच. राजाच्या रानातलं लाकूड ते राजाचं. पण दुसरीकडची रानं कोळशासाठी गेली आणि हे उरलं. १९५८ मध्ये दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ मध्ये वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलं. ज्यांची शिकार व्हायची त्या गव्यांच्या नावाने आज पर्यटन चालतं. शिकारीच्या बाजूचं काही बघायचंच असेल तर कोल्हापूरला नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी आहेत. काचेचे डोळे. मला तिथे फार वेळ थांबवत नाही.

जायचं असेल तर पावसाळ्यात नको, तेव्हा अभयारण्य बंद असतं. वाशीहून रात्रीची कोल्हापूर गाडी, तिथून फोंडा घाटाच्या रस्त्याला राधानगरी. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलेलं असतं. वाड्यापर्यंत जायचं तर आधी वनखात्याला विचारा. कुणी होडीवाला ‘चला, काय होत नाही’ म्हणाला तरी उठून जाऊ नका.

आम्हाला त्या वाड्याची आठवण खरी येते ती जुलै-ऑगस्टमध्ये. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. इथे कोपरखैरण्यात पाऊस थांबलेला असला तरी रात्री अकराला गल्लीत कुणाचा तरी फोन वाजतो, ‘पाचवा उघडला’. मग आई मामाला फोन लावते आणि पहिलं हेच विचारते, ‘गुरं वरच्या अंगाला घेतली का?’