नवीन आहेस ना, मग गेरी क्नेटेमन वाच

भावा, सायकल रेसिंग समजून घ्यायचंय म्हणतोस आणि चढावाच्याच क्लिप बघत बसलायस. सपाटीवरचा रायडर बघ, अ‍ॅमस्टरडॅमचा गेरी क्नेटेमन. हा काही घाटाचा राजा वगैरे नव्हता, तरी टूर द फ्रान्सच्या 10 स्टेज (एकेका दिवसाच्या शर्यती) जिंकल्या त्याने. 1978 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप नक्की बघ, जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगला शेवटी दोघंच उरले, हा आणि आदल्या वर्षीचा चॅम्पियन मोझेर, आणि स्प्रिंटमध्ये यानेच मारली बाजी.

त्याच्या टीआय-रॅले या डच टीमकडून शिकायचं ते वाऱ्याचं. हॉलंडमधे डोंगर नाहीत, वारा मात्र भरपूर. वारा बाजूने आला की पुढच्या सायकलचा आडोसा थेट मागे मिळत नाही, मग तिरकी रांग लावायची, पण रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपते आणि उरलेले कडेला एकामागे एक लटकतात नि सुटतात. म्हणून वळण यायच्या आधीच पुढे सरकून घे, नंतर पाय कितीही चालले तरी उपयोग नाही.

1983 ला बेल्जियममधे जबर अपघात झाला त्याचा, आणि तरी 1985 ला अ‍ॅम्स्टेल गोल्ड ही हॉलंडची मोठी एकदिवसीय रेस जिंकला, पहिल्यांदा ती जिंकला होता 1974 ला, म्हणजे मधे 11 वर्षं! पुढे डच नॅशनल टीमचा कोच झाला, 2004 मध्ये सायकल चालवतानाच गेला, वय फक्त 53.

वॉट्सचं (पायांच्या ताकदीच्या आकड्यांचं) नंतर बघू, आधी ग्रुपमधे चाक धरायला, म्हणजे पुढच्याच्या अगदी मागे राहायला शिक.